घरच्या घरी कुरकुरीत माकुल फ्राय: मार्केटपासून कढईपर्यंत सगळं सविस्तर

घरी माकुल (स्क्विड) तळले की बहुतेक वेळा दोनच गोष्टी होतात, एकतर ते वातड होतात नाहीतर ताटात येईपर्यंत कोटिंग मऊ पडून सुटून येतं, आणि मग घरातले म्हणतात जाऊदे, हे हॉटेलातच खाऊ. पण हॉटेलवाला काही जादू करत नाही. त्याच्याकडे तेल भरपूर असतं, आच मोठी असते आणि तो दोन मिनिटाच्या आत माकुल बाहेर काढतो, बस. हे तिन्ही आपल्या ओट्यावर, साध्या गॅसवर जमतं, फक्त एक गोष्ट पहिल्यापासून डोक्यात ठेवायची ती म्हणजे पाणी. माकुलाच्या मांसात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. बाहेरचं पाणी आपण आधीच काढून टाकलं तर कोटिंग कुरकुरीत होतं, आणि आतलं पाणी आतच राहिलं तर माकुल मऊ लागतो. खाली जे काही सांगतोय ते सगळं या एकाच गोष्टीसाठी आहे.

मार्केटमधे काय बघायचं

आपल्या ठाणे खाडीत जिताडा, चिंबोरी, कोलंबी, निवट्या मिळतात पण माकुल हा बाहेरच्या समुद्रातला. ससून डॉक, भाऊचा धक्का, करंजा इथे ट्रॉलर लागतात आणि तिथनं माल बेलापूरच्या दिवाळे गावाला, वाशीला, ठाण्याच्या मार्केटला येतो. ट्रॉलर कित्येक दिवस समुद्रात असतात त्यामुळे आज दिसणारा माकुल आजच पकडलेला असेल असं नाही, तो बर्फात किती नीट ठेवला होता यावर सगळं असतं. म्हणून डोळ्यांनी आणि नाकानी तपासूनच घ्या.

ताज्या माकुलावर तपकिरी-जांभळे बारीक ठिपके सुटे सुटे दिसतात, साल फाटलेली नसते, डोळा स्वच्छ असतो आणि वास फक्त समुद्राचा येतो. शिळा व्हायला लागला की ठिपक्यांचा रंग पसरतो आणि साल सगळीकडे गुलाबीसर होते. सालीखालचं मांस पांढरंशुभ्र असायला पाहिजे. ते सुद्धा गुलाबी किंवा पिवळट दिसलं तर तो माकुल सोडा, रश्श्याला पण घेऊ नका. दाबला की बोट रुतून खड्डा तसाच राहिला तरी तेच.

साइज महत्त्वाचा आहे. तळायला नळी वीतभर किंवा त्याहून लहान घ्या. मोठा माकुल दिसायला छान, वजनाला पटकन भरतो, पण त्याचं मांस जाड असतं आणि जाड मांस आतपर्यंत शिजेस्तोवर बाहेरचं वातड होतं. मोठे मसाल्याला ठेवा. आणि एक बघा, मार्केटमधे माकुल म्हणून दोन वेगळी जनावरं विकली जातात. एक लांबट नळीचं, टोकाला दोन पंख, आत पारदर्शक पातळ काडी. दुसरं पसरट, जाड, आत पांढरं कडक हाड असलेलं. दुसरं चवीला चांगलं असतं पण त्याच्या रिंग निघत नाहीत. आपल्याला नळीवालं पाहिजे.

किती घ्यायचे तर चार जणांना स्टार्टर म्हणून पाऊण किलो अख्खे घ्या, साफ करून साधारण अर्धा किलो उरतात. साफ करून घेणार असाल तर मावशींना आधीच सांगा, "मावशी, नळी फाडू नका, अख्खी ठेवा, तळायचेत." नाहीतर त्या सवयीनी नळी उभी चिरून देतात, कारण बहुतेक गिऱ्हाईक मसाल्यालाच नेतं. रविवारच्या गर्दीत तर कोयता हातात घेतल्या घेतल्या सांगायचं, नंतर सांगून उपयोग नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा ताजा माकुल शोधत फिरू नका, फ्रोजन घ्या. फ्रोजन माकुलाला लोक उगाच नाकं मुरडतात. गोठताना मांसातल्या पाण्याचे बर्फाचे कण होतात आणि ते कण तंतू थोडे तोडतात, त्यामुळे माकुल उलट नरम पडतो. अडचण दुसरीच आहे, काही पाकिटातल्या तयार रिंग पाणी धरून ठेवणाऱ्या द्रावणात बुडवलेल्या असतात आणि त्या कढईत भरपूर पाणी सोडतात. त्यामुळे रिंगपेक्षा अख्ख्या नळ्यांचं पाकीट मिळालं तर ते उचला. वितळवायचे असतील तर आदल्या रात्री फ्रीजमधे खालच्या कप्प्यात, चाळणीत ठेवून, खाली भांडं. गरम पाण्यात अजिबात टाकू नका, वरचं मांस तिथेच आकसायला लागतं.

साफ करणं

हे वाचायला किचकट वाटतं पण एकदा हात बसला की एका माकुलाला दोन-तीन मिनिटाच्या वर लागत नाहीत.

एका हातात नळी धरा, दुसऱ्या हातानी डोळ्याच्या मागे डोकं पकडा आणि हळूच पिळत बाहेर ओढा. डोक्याबरोबर आतडी सगळी बाहेर येतात आणि त्यातच एक चंदेरी-काळी पिशवी दिसेल, ती शाईची. ती फुटली तरी घाबरायचं कारण नाही, शाई विषारी नसते, फक्त ओटा आणि हात काळे होतात, लगेच थंड पाण्यानी धुतलं की जातं. आता नळीच्या आत बोट घाला, एका कडेला पारदर्शक काडी लागेल, प्लास्टिकची आहे की काय असं वाटतं, ती धरून ओढली की अख्खी निघते. आत काही चिकट राहिलं असेल तर बोटानी खरवडून काढा.

मग साल. पंखापाशी नख लावून जांभळी साल उचला आणि ओढा, ती मोज्यासारखी निघते. पंख पण सोबत निघतील, ते फेकू नका, तळून मस्त लागतात. या सालीखाली अजून एक पातळ पारदर्शक पापुद्रा असतो, तो बरेच जण ठेवतात. तो काढाच. गरम तेलात तो मांसाच्या आधी आकसतो, रिंग वाकडी करतो आणि त्याच्याखाली वाफ अडकून तेल उडतं. सुरीच्या पाठीनी हलकं खरवडलं किंवा कोरड्या टिश्यूनी घासलं की सुटतो.

डोक्यातून डोळ्यांच्या पुढे कापा म्हणजे पाय एकत्र जोडलेले राहतील. मधोमध एक कडक चोच असते, बोटानी मागून दाबली की टपकन बाहेर येते. पायांवरच्या वाट्या बोटात धरून चोळून धुवा, त्यात वाळू असते. दोन लांब पाय असतात त्यांची टोकं कापून टाका. पाय लहान असतील तर अख्खे ठेवा, मोठे असतील तर दोन भाग करा. माझ्या मते अख्ख्या ताटात सगळ्यात कुरकुरीत जर काही असेल तर हे पायच, पण बरेच लोक मार्केटमधेच टाकून देतात.

नळीच्या रिंग १ सेंटिमीटर जाडीच्या कापा. याच्यापेक्षा बारीक कापल्या तर कोटिंग होईपर्यंत आतलं सुकून जातं, जाड कापल्या तर उलटं.

खायच्या सोड्याचा उपयोग

माकुल लहान आणि ताजे असतील तर ही पायरी सोडून द्या. पण साइज जरा मोठा असेल किंवा तुम्हाला खात्री नसेल तर अर्धा किलो साफ माकुलाला पाव चमचा खायचा सोडा दोन टेबलस्पून पाण्यात विरघळवून चोळा आणि १५ मिनिटं ठेवा. सोड्यानी मांस नरम पडतं आणि तळताना पाणी जास्त धरून ठेवतं. सोडा वाढवायचा नाही आणि वेळ पण वाढवायची नाही, साबणासारखी चव येते. नंतर दोन-तीन पाण्यानी नीट धुवा. धुतलं का नाही नीट हे कळायची सोपी खूण आहे, पुढे हळद लावाल तेव्हा ती लालसर झाली तर सोडा राहिलाय, परत धुवा. हळद पिवळीच राहिली तर बरोबर.

कोरडं करणं

इथेच घाई होते आणि इथेच सगळं बिघडतं. धुतलेले माकुल चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या, मग स्वच्छ सुती कापडावर एकेक रिंग सुटी पसरा, वरनं दुसरं कापड ठेवून दाबा, रिंगच्या आतली बाजू विसरू नका, तिथे थेंब लपून बसतात. पायांना तर मुठीत कापड धरून दाबावंच लागतं कारण वाट्यांमधे पाणी राहतं आणि तेच कढईत फुटतं. वेळ असेल तर ताटात पसरून, न झाकता, फ्रीजमधे अर्धा तास ठेवा, फ्रीजची कोरडी हवा उरलेलं पाणी खेचते. पावसाळ्यात ही ट्रिक नक्की करा, आपल्याकडे जुलैमधे कापड सुद्धा सुकत नाही तर माकुल काय सुकणार.

मुरवण

अर्धा किलोला लागणारं साहित्य असं: आलं आणि लसूण मिळून दोन चमचे किसून त्याचा फक्त रस, पाव चमचा हळद, दीड चमचा आगरी किंवा कोळी मसाला, अर्धा चमचा मीठ, एक चमचा लिंबाचा रस, एका अंड्याचा पांढरा भाग हलका फेटून.

आलं-लसूण पेस्ट नका लावू. कढईत तेल १८० डिग्रीला असतं, त्यात लसणाचे कण आधी जळतात आणि कडवट लागतात. कापडातून पिळून रस घेतला की वास सगळा येतो आणि जळायला काही उरत नाही. हिरवं वाटण तव्यावरच्या फ्रायला चांगलं, इथे नको.

आधी हळद, मसाला आणि रस लावून १५-२० मिनिटं ठेवा. मीठ आणि लिंबू तळायच्या जेमतेम पाच मिनिटं आधी. मीठ पाणी बाहेर काढतं आणि एवढी मेहनत करून सुकवलेला माकुल परत ओला होतो, आणि आंबट जास्त वेळ राहिलं की वरचा थर घट्ट होऊन जातो. कोकमाचं आगळ घालायची सवय असेल तर समजू शकतो, चव त्याचीच खरी, पण आगळ पातळ आणि खारट असतं, कुरकुरीत पाहिजे असेल तर आगळ सोलकढीला ठेवा. शेवटी फेटलेला पांढरा भाग, सगळ्याला पातळ थर लागेल इतकाच. ताटात खाली ओघळ जमला तर तो काढून टाका.

कोटिंग

पाऊण वाटी तांदळाचं पीठ, पाव वाटी कॉर्नफ्लोअर, दोन टेबलस्पून बारीक रवा, एक चमचा मिरची पावडर, अर्धा चमचा मिरपूड, पाव चमचा मीठ. चाळून एकत्र करा.

प्रत्येकाचं काम वेगळं आहे. तांदळाच्या पिठात आणि कॉर्नफ्लोअरमधे ग्लुटेन नाही त्यामुळे थर चिवट होत नाही, पातळ आणि खुसखुशीत राहतो. रवा दाताखाली कुरकुर आवाज देतो पण जास्त झाला तर तो सुटून तेलात पडतो आणि काळा होतो. बेसन घालू नका, त्याची भजी होते, माकुलाची चव दबते. मैदा थोडा चालेल पण नसला तर काही बिघडत नाही.

आता महत्त्वाचं, सगळे माकुल एकदम पिठात घोळवून ताटात मांडून ठेवायचे नाहीत. पीठ पाणी शोषतं, पाच-सात मिनिटात चिकट होतं आणि तो चिकट थर तेलात पहिल्यांदा सुटतो. एका घाण्यापुरतेच आठ-दहा तुकडे पिठात टाका, रिंगच्या आत पण पीठ जाईल असं दाबा, मग पिठाच्या चाळणीत घालून दोन झटके द्या म्हणजे जास्तीचं पीठ झडून जाईल. ते झडलं नाही तर तिसऱ्या घाण्यापर्यंत तेल काळं होतं.

तळणं

खोल कढई घ्या, जाड बुडाची, आणि तेल कमीत कमी पाऊण लिटर. इथे कंजूषी केली की फसलं, कारण थंड माकुल पडला की तेलाचं तापमान एकदम खाली येतं, तेल जितकं जास्त तितकं ते कमी खाली येतं. शेंगदाण्याचं रिफाइंड किंवा सूर्यफूल, कुठलंही चालतं. कढई निम्म्यापेक्षा जास्त भरू नका, फेस वर येतो.

थर्मामीटर असेल तर १८० ते १९०. नसेल तर कोटिंगची ओली गोळी टाकून बघा. तळाशी जाऊन बसली तर तेल थंड, टाकल्या टाकल्या काळपट झाली तर जास्त गरम, आणि बुडून लगेच फुरफुरत वर आली तर बरोबर. धूर दिसला तर गॅस बंद करून दोन मिनिटं थांबा.

माकुल फ्रीजमधनं काढून लगेच तेलात टाकू नका, दहा मिनिटं बाहेर राहू द्या. गॅस फुल. एकेक रिंग कढईच्या कडेनी सोडा, आठ-दहा झाल्या की थांबा. पहिली २० सेकंद झाऱ्या लावायचा नाही, कोटिंग बसू द्या. मग एकदा हलवा, सुटे करा. रिंगला टाकल्यापासून ६० ते ९० सेकंद, पायांना दीड ते दोन मिनिटं. मोबाइलवर टायमर लावा, अंदाजावर जाऊ नका.

बहुतेकांचा माकुल वातड होतो तो इथे, आणि कारण एकच, रंगाची वाट बघत बसतात. कांदाभजी किंवा बटाटावडा सोनेरी तपकिरी होईपर्यंत तळायची आपल्याला सवय, पण तांदळाचं पीठ आणि कॉर्नफ्लोअर सहजासहजी तांबूस होत नाही. दीड मिनिटात त्याला जो फिकट सोनेरी रंग येतो, मसाल्याची लाली असते, तेवढाच बरोबर आहे. भजीचा रंग येईपर्यंत थांबलात तर आतला माकुल तीन-चार मिनिटं शिजलेला असतो. मांसातलं कोलॅजन, म्हणजे तंतू बांधून ठेवणारं प्रथिन, ६० डिग्रीच्या आसपास आकसायला लागतं आणि आतलं पाणी पिळून बाहेर काढतं, म्हणजे दोन मिनिटाच्या पुढे गेलात की प्रत्येक सेकंदाला माकुल सुका होत जातो. बुडबुडे थांबायची पण वाट बघायची नाही. बुडबुडे म्हणजे पाण्याची वाफ, ते पूर्ण थांबले म्हणजे आत काही उरलंच नाही. आवाज ऐका, सुरवातीला जोराचा तडतडाट असतो, तो जरा खाली आला, बारीक झाला की काढा.

रिंग आणि पाय एका घाण्यात मिसळू नका, वेळ वेगळी आहे. पाय तळताना कढईवर तेल अडवायची जाळी धरा आणि तोंड लांब ठेवा, कितीही पुसले तरी एखादा फुटतोच. पूर्ण झाकण ठेवू नका, वाफेचं पाणी परत तेलात पडतं. लहान मुलांना त्या वेळी किचनच्या बाहेरच ठेवा.

दोन घाण्यांच्या मधे तेलाला परत तापू द्या, मिनिटभर तरी, आणि बारीक गाळणीनी खालचं पीठ काढून घ्या.

काढल्यावर

टिश्यूवर ढीग घालू नका. खालच्या रिंगची वाफ वरच्यांना लागते आणि तुमच्या डोळ्यासमोर सगळं मऊ होतं. केक थंड करायची जाळी, नाहीतर स्टीलची मोठी चाळणी ताटावर पालथी घाला आणि त्यावर सुटे सुटे पसरा. वरनं चिमूटभर चाट मसाला किंवा मिरपूड, गरम असतानाच. लिंबू पिळायचं ते खाणाऱ्यानी आपापल्या ताटात, अख्ख्या थाळीवर नाही. झाकून तर अजिबात ठेवू नका, डब्यात भरून शेजारी द्यायचे असतील तर तळायच्या आधीचे द्या आणि कसं तळायचं ते सांगा. पहिला घाणा निघाला की जे बसलेत त्यांना वाढून टाका, सगळे एकत्र बसायची वाट बघण्यासारखा हा पदार्थ नाही. सोबत हिरवी चटणी, कांद्याच्या चकत्या, सोलकढी. मेयोनीजमधे किसलेला लसूण आणि चमचाभर मालवणी मसाला मिसळला तर मुलं तेच मागतात.

एवढं तेल घालायचं नसेल तर

तव्यावर होतो, पण वेगळ्या पद्धतीनी. नळी उभी फाडून सपाट करा, आतल्या बाजूला सुरीनी हलक्या तिरक्या चिरा द्या म्हणजे गुंडाळत नाही, हिरवं वाटण लावा, नुसत्या रव्या-तांदळाच्या पिठात घोळवा आणि बिडाचा तवा कडक तापवून तीन-चार चमचे तेलात एका बाजूला मिनिटभर, दुसऱ्या बाजूला मिनिटभर. वरनं उलथन्यानी दाबा. हा रवा फ्राय आपला घरगुती आहे आणि छान लागतो, पण वर सांगितलेली कुरकुर यात नाही. एअर फ्रायरमधे मी नाही सांगणार, पीठ कोरडं राहतं आणि कोटिंग होईपर्यंत माकुल दहा मिनिटं शिजलेला असतो.

कोलंबी-चिंबोरीची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी माकुल पण जपूनच, पहिल्यांदा खात असाल तर डॉक्टरला विचारून. पाहुण्यांना वाढायच्या आधी पण विचारून घ्या.

उरलेलं तेल गार झालं की कापडातून गाळून वेगळ्या बाटलीत भरा, मासे तळायलाच वापरा आणि एकदाच, दोन-तीन दिवसात. त्याला वास धरतो, पुऱ्या तळल्या तर कळतं. सिंकमधे ओतू नका, सोसायटीची लाइन तुंबते.

आणि एखादा घाणा चुकून जास्त तळला गेला, वातड झाला, तर टाकू नका. कोटिंग गरम पाण्यात सोडवून घ्या, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात घाला आणि झाकण ठेवून मंद गॅसवर अर्धा पाऊण तास रटरटू द्या. जे कोलॅजन दोन मिनिटाच्या पुढे आकसलं होतं तेच एवढ्या वेळात विरघळायला लागतं आणि माकुल परत मऊ होतो. मधेच, दहा-पंधरा मिनिटांनी चाखून बघाल तर अजून वातडच लागेल, तेव्हा गॅस बंद करू नका, पाणी थोडं वाढवा आणि शिजू द्या. भाकरीबरोबर दुसऱ्या दिवशी अजून चांगला लागतो.